हंसरी चाल, कडू बोल



दुःखाचें गाणें दुःखाच्याच चालींत गाइलें पाहिजे, असा आपणां सुशिक्षितांचा एक समज आहे. तो आपल्याला कोणी शिकविलेला नाहीं. आपल्या कानांनींच तो हळूं हळूं करून घेतला आहे. ग्रामोफोनच्या तबकड्यांनीं आणि नभोवाणीनें मराठी भावगीत घरोघर पोंचविलें, आणि त्याबरोबर ही शिस्तहि पोंचविली. विरह असला कीं चाल संथ, मरण असलें कीं सूर खालचा, आणि गरिबी असली तर मागें एक सारंगी हवीच. या शिस्तीनें आपल्याला फार सुंदर गाणीं दिलीं, हें मी नाकारीत नाहीं. पण आज ज्या गाण्यांविषयीं मला बोलावयाचें आहे, त्यांनीं ती पाळलेली नाहीं. त्यांतले बोल काळेकुट्ट आहेत. त्यांत विनोद आहे, पण तोहि बोचरा. आणि चाल मात्र अशी कीं ऐकणाऱ्याचा पाय त्याला न विचारतां ठेका धरतो. हीं गाणीं आपल्या नाशिक जिल्ह्यांतल्या एका शाहिराचीं आहेत. त्यांचें नांव वामन तबाजी कर्डक; लोक त्यांना वामनदादा म्हणतात.

वामनदादांचा जन्म १५ ऑगस्ट १९२२ रोजीं सिन्नर तालुक्यांतील देशवंडी या गांवीं झाला, आणि १५ मे २००४ रोजीं नाशकांत ते वारले. या दीर्घ आयुष्यांत त्यांनीं हजारों गाणीं रचलीं. शाळा त्यांच्या वाट्याला आली नाहीं. पोटासाठीं मुंबईस गेले. गिरणी म्हणूं नका, कोळशाची वखार म्हणूं नका, जें काम मिळेल तें त्यांनीं केलें. चाळींत राहत असतां एकानें त्यांच्यापुढें पत्र धरलें आणि वाचून दाखवावयास सांगितलें. तें वाचतां येईना, तेव्हां हा तरुण शरमेनें रडला, ही गोष्ट त्यांच्या चाहत्यांत सर्वश्रुत आहे. मग देहलवी नांवाच्या गुरुजींनीं त्यांना मुळाक्षरें गिरवावयास दिलीं, आणि पुढचा अभ्यास त्यांनीं मुंबईच्या रस्त्यांवरील दुकानांच्या पाट्या वाचून पुरा केला. ज्याची बालबोधी दुकानांच्या पाट्यांवर झाली, त्याच्या काव्यांत पुढें चांदणें कमी आणि बाजार अधिक आला, यांत नवल तें काय?

त्यांनीं आपलें पहिलें गाणें ३ मे १९४३ रोजीं रचलें. तें एका हिंदी चित्रपटगीताचें विडंबन होतें. विडंबन म्हटलें कीं आपल्याला आचार्य अत्र्यांचीं 'झेंडूचीं फुलें' आठवतात. तेथें विडंबनकार कवींची फिरकी घेतो. मूळ कविता ठाऊक असेल तरच हंसूं येतें, आणि हंसूं ओसरलें कीं कवि, विडंबनकार व वाचक तिघेहि आपापल्या दिवाणखान्यांत परततात. वामनदादांचें विडंबन निराळ्या जातीचें. मूळ गाण्याला हंसण्यांत त्यांना मुळीं रसच नाहीं. चाल ही त्यांच्या लेखीं रस्त्यावर उभी असलेली रिकामी बैलगाडी. तींत आपला माल भरावा, बैल हांकावे आणि बाजार गांठावा.

यांत व्यवहारहि आहे, आणि तो समजून घेण्यासारखा आहे. ज्या कवीपाशीं छापखाना नाहीं, तबकडी काढणारी कंपनी नाहीं, आणि ज्याच्या श्रोत्यांपैकीं निम्म्यांना अक्षरओळख नाहीं, त्यानें गाणें पसरवावें कसें? नवी चाल शिकवावयाची तर दहा वेळां गावी लागते. पण चाल जर आधींच थेटरांतून आणि हॉटेलांतल्या रेडिओंतून सर्वांच्या कानांत बसलेली असेल, तर गायकाला फक्त शब्द द्यावयाचे उरतात. ध्रुपद एकदां ऐकलें कीं दुसऱ्या खेपेस मंडळी तें उचलतात. एक पेटी, एक ढोलकी, मागें साथ धरणारे दोन-तीन जण, आणि समोर टाळ्या वाजविणारा समुदाय, एवढ्यावर सगळा संसार. चित्रपटवाल्यांनीं हजारों रुपये ओतून जी चाल लोकप्रिय केली, ती या माणसानें फुकटांत कामाला लावली. मला तर यांत एक प्रकारचा न्यायच दिसतो.

ही रीति त्यांनीं एकट्यांनीं काढली, असें मात्र नव्हे. नाशिक हा या गाण्यांचा जुना मुलूख. काळाराम मंदिराचा सत्याग्रह येथें २ मार्च १९३० रोजीं सुरू झाला, आणि १९३१ सालीं भीमराव कर्डक यांनीं साथीदार जमवून आंबेडकरी जलसा उभा केला. हे भीमराव निफाडकडचे, कसबे सुकेण्याचे. आडनांव एकच असल्यामुळें पुष्कळांची गल्लत होते, म्हणून सांगितलें. त्यांच्याहि मागें सत्यशोधकांचे जलसे होते. तमाशाचा सांगाडा या मंडळींनीं तसाच ठेवला: ढोलकी, डफ, सोंगाड्या, वग. मजकूर तेवढा पालटला. भीमरावांनीं या जलशांची हकीकत १९७८ सालीं पुस्तकरूपानें लिहून ठेवली, हे आपल्यावर मोठे उपकार आहेत. ते दिवस हंसण्याचे खास नव्हते. सत्याग्रह वर्षानुवर्षें चालला, देवळाचें दार उघडलें नाहीं, आणि १३ ऑक्टोबर १९३५ रोजीं येवल्यास बाबासाहेबांनीं, आपण हिंदु म्हणून मरणार नाहीं, असें जाहीर केलें. अशा दिवसांत रात्रीच्या जलशांत लोक पोट धरधरून हंसत. ज्याला दारांतून आंत घेत नाहींत, त्याला त्या दाराची थट्टा करण्याची मोकळीक तरी असते.

आतां प्रत्यक्ष गाण्याकडे येतों. वामनदादांचें सर्वांत गाजलेलें गाणें बिर्ला, बाटा आणि टाटा या तीन नांवांचें. मी तें येथें म्हणून दाखवीत नाहीं. ज्यांना ठाऊक आहे त्यांच्या मनांत तें एव्हांना सुरू झालेंच असेल. त्याचा आशय थोडक्यांत असा कीं, देशांत धन आहे म्हणतां, तर त्याचा साठा कोठें आहे, आणि त्यांत आमचा म्हणून कांहीं वाटा असेल तर तो कोठें ठेवला आहे, हें आम्हांस दाखवा. एखाद्या अर्थशास्त्र्याला हाच प्रश्न विचारावयास दोनशें पानें आणि पन्नास कोष्टकें लागलीं असतीं. येथें तो यमकानें विचारला आहे. टाटा, बाटा, साठा, वाटा! मराठी भाषेनें हे शब्द जणुं या एका गाण्यासाठींच जुळवून ठेवले होते, आणि कोणी तरी येऊन ते उचलण्याची ती वाट पाहत होती.

त्या तिघांतले बाटा तर मुळांत या देशाचेहि नव्हेत. मध्य युरोपांतल्या झ्लिन गांवचें तें पिढीजात जोडे शिवणारें घराणें. त्यांनीं १८९४ सालीं कारखाना काढला आणि १९३१ सालीं ते हिंदुस्थानांत आले. तिकडे चांभाराचा मुलगा साऱ्या जगाला जोडे पुरवूं लागला. इकडे चांभाराच्या मुलाला त्या काळीं गांवच्या विहिरीवर चढण्याची बंदी. वामनदादांनीं हें सारें मनांत आणून तें नांव घातलें, असें मी म्हणत नाहीं. यमकानें तें त्यांच्या हातीं दिलें असेल. पण चांगल्या यमकाचा गुणच हा, कीं तें कवीपेक्षां कांकणभर अधिक जाणतें.

आणखी एक गोष्ट पाहा. गाण्यांतला प्रश्न रागानें विचारलेला नाहीं. त्याच्या शेवटीं एक आर्जवी 'हो' आहे. एखादा खेडूत सिन्नरच्या मोटारथांब्यावर उतरून ज्या नम्रतेनें वाट विचारतो, त्याच नम्रतेनें हा माणूस देशाची तिजोरी कोणत्या गल्लींत आहे तें विचारतो. उत्तर येणार नाहीं, हें विचारणाऱ्याला ठाऊक आहे आणि ऐकणाऱ्यालाहि. विनोद आहे तो त्या 'हो'मध्यें, आणि सगळी निराशाहि तेथेंच आहे.

कांहीं वर्षांपूर्वीं नाशिकरोडकडे एका लग्नाच्या मांडवांत मीं हें गाणें ऐकलें. म्हाताऱ्या बाया टाळ्या देत होत्या, पोरें नाचत होतीं, आणि माझ्या शेजारच्या खुर्चीवरचे एक गृहस्थ, बँकेंतले बडे अधिकारी होते ते, बुटाच्या टोंकानें ताल धरून बसले होते. अंतरा संपला तेव्हां त्यांचा बूट थांबला. कशास टाळ दिला हें बहुधा त्यांच्या ध्यानांत आलें असावें. मग ध्रुपद परत आलें, आणि बूट पुन्हां हलूं लागला.

हाच प्रश्न रडक्या चालींत विचारला असता तर काय झालें असतें? मला वाटतें, त्या गृहस्थांना कणव आली असती. कणव ही फार सोयीची भावना आहे. डोळ्यांत पाणी आलें कीं आपलें कर्तव्य झालें असें मनाला वाटतें, आणि माणूस हलक्या अंगानें घरीं जातो. हंसरी चाल ही सोय ठेवीत नाहीं. ती रडूं देत नाहीं. शरीराकडून आधीं संमति घेते, आणि मग ती संमति कशाला दिली तें सांगते.

पांढरपेशा घरांना ही युक्ति परकी वाटण्याचें कांहीं कारण नाहीं. गोविंद बल्लाळ देवलांचें 'शारदा' नाटक १८९९ सालीं किर्लोस्कर मंडळींनीं रंगभूमीवर आणलें. कथा काय? पैशाच्या लोभानें बाप आपली अल्पवयी मुलगी एका जरठ श्रीमंताला विकावयास निघतो. याहून काळी कथा ती कोणती! पण पदें पाहा. म्हाताऱ्याचें वय फारसें नाहीं, शंभरास अवघीं पंचवीस कमी, अशा अर्थाचें पद साऱ्या महाराष्ट्रानें हंसत हंसत म्हटलें. आणि 'पाऊणशे' हा शब्द त्या पदानें असा कांहीं डागून ठेवला कीं पुढें कोणत्याहि थोराड नवरदेवाला तो चुकवितां आला नाहीं. चाली सोप्या, आयाबायांच्या तोंडीं सहज बसतील अशा. म्हणूनच ज्या घरांतून सुधारकांचीं व्याख्यानें शिरूं शकलीं नाहींत, त्या घरांतून तीं पदें शिरलीं. पुढें १९२९ सालीं बालविवाहाला आळा घालणारा कायदा झाला. तो हरबिलास सारडा यांच्या नांवाचा. पण मराठी माणसानें त्याचा सरळ 'शारदा कायदा' करून टाकला. ज्यानें हा अपभ्रंश पहिल्यांदा केला, त्याला नाटकाचें कार्य बरोबर कळलें होतें.

आणि 'शारदा' नाटकाचें नाशिकशीं नातें मोठें विलक्षण आहे. २१ डिसेंबर १९०९ रोजीं येथल्या विजयानंद नाट्यगृहांत अनंत कान्हेरे यांनीं कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या, तेव्हां खेळ 'शारदे'चाच होता. त्यामागें तरी काय होतें? त्याच वर्षीं बाबाराव सावरकरांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली, ती कवितांचें पुस्तक प्रसिद्ध केल्याबद्दल. त्या कविता नाशिकच्याच कवि गोविंदांच्या. आणि हे गोविंद आधीं तमाशाच्या लावण्या रचणारे! कोणत्या चालींत काय भरलें आहे, याची चौकशी या शहरांत सरकारनें फार पूर्वींच सुरू केली होती.

परदेशांतहि हा प्रकार जुना आहे. लंडनमध्यें १७२८ सालीं जॉन गे यानें 'भिकाऱ्याचा ऑपेरा' लिहिला, तेव्हां रस्त्यावरच्या लोकप्रिय चाली घेऊन त्या चोरांच्या आणि दरवडेखोरांच्या तोंडीं घातल्या. बरोबर दोनशें वर्षांनीं, १९२८ सालीं, बर्लिनमध्यें ब्रेख्त आणि कुर्ट वाइल यांनीं तीच कथा नव्यानें रचली. तींत एका खुन्याच्या गुन्ह्यांची यादी हातपेटीवर वाजणाऱ्या गोड चालींत गाइली जाते. अलीकडचें उदाहरण द्यावयाचें तर मँचेस्टरच्या 'द स्मिथ्स' या चौघांच्या वाद्यवृंदाचें देतां येईल. १९८६ सालीं त्यांची 'द क्वीन इज डेड' नांवाची तबकडी निघाली. गाणीं मॉरिसीचीं, चाली जॉनी मार याच्या. शब्दांत स्मशान, एकटेपणा आणि मरणाची थट्टा. आणि गिटार मात्र श्रावणांतल्या सरीसारखी झिमझिमणारी. ही तबकडी बड्या कंपनीनें नव्हे, 'रफ ट्रेड' या छोट्या मंडळीनें काढली. अशा स्वतंत्र बाण्याच्या संगीताला तिकडे 'इंडी' म्हणतात, आणि आपल्याकडचीं तरुण मुलें तो शब्द मोठ्या अभिमानानें वापरतात. त्यांना माझें एवढेंच सांगणें आहे, कीं ज्याच्यापाशीं छोटी मंडळीहि नव्हती, चार घडींची गीतपुस्तिका आणि स्वतःचा गळा एवढेंच भांडवल होतें, असा एक स्वतंत्र गायक सिन्नर तालुक्यांत होऊन गेला.

या सगळ्यावर एक आक्षेप आहे, आणि तो हलका नाहीं. चाल गोड असली कीं शब्द बुडतात. बर्लिनच्या त्या खुन्याच्या गाण्याचें पुढें अमेरिकेंत नाचघरांतलें गाणें झालें. सुरीचें पातें विसरून जोडपीं त्यावर नाचलीं. आपल्याकडे १४ एप्रिलच्या मिरवणुकींत ध्वनिक्षेपकांच्या भिंती उभ्या राहतात. त्या भिंतींतून चाल बाहेर पडते, ठेका बाहेर पडतो, छातीचें हाड हलतें. शब्द मात्र आंतच राहतात. मग वामनदादांचें गाणें काय आणि दुसरें कोणाचें काय! ज्यांनीं १९८० नंतरच्या ध्वनिफितींवर हीं गाणीं ऐकलीं, प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप अशा गळ्यांतून ऐकलीं, त्यांना हा फरक विशेष जाणवेल. त्या फितींत खरखर होती, पण अक्षर न् अक्षर स्पष्ट होतें.

आक्षेप मला मान्य आहे, तरी त्यापुढें मी हात टेंकीत नाहीं. माळरानांतून चालतांना धोतराला कुसळ चिकटतें; चालतांना तें कळत नाहीं, घरीं येऊन बसलें कीं टोंचूं लागतें. चालीबरोबर घरीं गेलेल्या शब्दाचें तसेंच आहे. माणूस नाचतो तेव्हां तो ऐकत नाहीं, हें खरें. पण दुसरे दिवशीं कामावर जातांना तीच ओळ त्याच्या ओंठांवर असते, आणि तेव्हां भोंगा वाजत नसतो. अट एकच: ओळ निदान एकदां तरी नीट कानांवर पडलेली असली पाहिजे. ध्वनिक्षेपकाचा आवाज कमी करा, असें जें पोलीस म्हणतात तें शांततेसाठीं. मी तेंच कवितेसाठीं म्हणतों.

वामनदादांचें सर्वांत कडू गाणें धनिकांवर नाहीं, तें स्वतःच्या माणसांवर आहे. तें बाबासाहेबांना उद्देशून आहे. तुमच्या विचाराचीं माणसें हातावर मोजण्याइतकीं जरी निघालीं असतीं, तरी त्यांच्या शस्त्राची धार निराळी दिसली असती, असा त्याचा भाव. आतां हें गाणें कोठें गाइलें जाई, तें मनांत आणा. मैदानांत सारे जमलेले, प्रत्येकाच्या छातीवर बाबासाहेबांचें चित्र, प्रत्येकाच्या तोंडीं जयघोष. आणि व्यासपीठावरून हा कृश माणूस टिपेच्या सुरांत त्यांना सांगतो कीं, मोजूं गेलें तर एका हाताचीं बोटें उरतील. आणि लोक काय करीत? टाळ्या वाजवून तेंच ध्रुपद पुन्हां म्हणत. प्रत्येकजण मनांत त्या मूठभरांत आपणांस धरीत असेल, कीं आपण त्यांत नाहीं हें कळून म्हणत असेल? मला दुसरी गोष्ट अधिक संभवनीय वाटते. चालीनें त्यांना तेवढें बळ दिलेलें असे. उघडें बोलून हा ठपका ठेवला असता तर सभा उधळली असती.

१९९३ सालीं वर्धा येथें झालेल्या आंबेडकरी साहित्य संमेलनाचें अध्यक्षपद वामनदादांना मिळालें. 'वाटचाल', 'मोहोळ' हे त्यांचे संग्रह प्रसिद्ध झाले. 'माझ्या जीवनाचं गाणं' या नांवानें आत्मकथनहि आलें. तरी आपल्या मैफलींतून हीं गाणीं क्वचितच ऐकूं येतात. जुन्या चित्रपटांच्या चाली आहेत, असें कारण कोणी सांगतात. संतांनीं ओव्या काय स्वतः नव्या शोधून काढल्या होत्या? आणि देवलांनीं सगळ्या चाली घरच्याच वापरल्या होत्या काय? खरें कारण निराळें असावें. त्या बँकेंतल्या गृहस्थांच्या बुटाला तें ठाऊक होतें.

जुन्या संतकवींप्रमाणें वामनदादाहि शेवटच्या अंतऱ्यांत आपलें नांव गुंफीत. छापील हक्क ज्याच्यापाशीं नाहीं, त्याचा तो ताम्रपट. हल्लीं गाणें बहुधा दोन अंतऱ्यांवर तोडतात, ध्रुपद चार वेळां घोळवतात, आणि तो शेवटचा अंतरा तेवढा गळतो. ज्यांच्या घरीं जुन्या फिती किंवा त्यांच्या प्रती असतील, त्यांनीं गाणें मध्येंच थांबवूं नये. वामन अगदीं शेवटीं येतो, आणि पुष्कळदां सर्वांत बोचरें बोलणें त्यानें त्याच जागेसाठीं राखून ठेवलेलें असतें.